चौदा नंबरची गढूळ नळी

४ तारीख, सोमवार

डायरी लिहायची सवय मोडून चार वर्षं झाली. आज परत वही काढली, कारण यांना काही सांगितलं की लगेच सल्ला मिळतो आणि मला सल्ला नको आहे. वहीला तेवढी अक्कल असते.

नळ्या आल्या. दर तीन महिन्यांनी येतात तशा वीस, बर्फाच्या पाकिटांमध्ये नीट उभ्या. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. पाच प्रयोगशाळांना त्याच वीस माणसांचं रक्त वाटलं जातं. प्रत्येकीनं आपापलं तपासायचं, शुक्रवारी पाचच्या आत निकाल पाठवायचा, मग सगळ्यांचे निकाल शेजारी शेजारी लावून बघायचं की पाचही ठिकाणी एकच उत्तर येतंय का. नव्या जीन टेस्टवर विश्वास ठेवायचा की नाही, ते यावरून ठरायचं आहे. मशीन रक्तातला जीन वाचतं आणि गट सांगतं. मी जुन्या पद्धतीनं नळीत सिरम टाकून, रक्ताच्या गुठळ्या होतात का ते डोळ्यांनी बघते. आमचा नंबर पाच. शेंडेफळ.

मोजपट्टीचा फोन आला. हा एक नंबरचा प्रमुख आणि पाचही प्रयोगशाळांचा समन्वयक. सगळं मोजून बोलतो, म्हणून हे नाव मी ठेवलं, आता चारही ठिकाणी चालतं. म्हणाला, "मॅडम, मागच्या दोन फेऱ्यांत तुमचेच निकाल वेगळे आले होते. तिसऱ्यांदा झालं तर कमिटी पाच नंबर बंद करायला सांगेल. मशीन दोन नंबरला जाईल." मी म्हटलं, "सर, दोन्ही वेळा मीच बरोबर निघाले असते तर?" तो म्हणाला, "निघाला नाहीत." हे खरं आहे. एकदा सिरम जुनं होतं, एकदा मी ओळ चुकले.

माझी नोकरी दीड वर्ष राहिली आहे, माझं काय. पण मशीन गेलं तर मशीनवाली जाईल. तिला दोन मुलं आहेत आणि नवरा घरी बसून आहे. ती मला ताई म्हणते.

चौदा नंबरच्या नळीचं झाकण वेगळ्या रंगाचं आहे. रक्त अर्धंच. वर कापूस गुंडाळलेला. बाकी एकोणीस अगदी शिस्तीत आणि ही एकटी अशी. एवढा मोजूनमापून चालणारा माणूस आणि पाठवताना हा गबाळेपणा. लक्षात ठेवते, वेळ आली की तोंडावर मारायला बरं.

५ तारीख, मंगळवार

मशीन दिवसभर घरघरत होतं. मशीनवाली त्याच्याशी बोलते. "चल रे बाबा, आज नखरे नकोत." मी माझ्या टेबलावर नळ्या हलवत होते. सव्वीस वर्षं नळ्या हलवून मनगट असं झालंय की घरी मी चहाचा कपसुद्धा हलवून बघते. हे म्हणतात, "त्यात काय जमलंय ते सांग."

मोजपट्टीनं परत फोन केला. बाकी काही नाही, चौदा झाला का एवढंच. अजून नाही म्हटल्यावर "बरं, बरं" म्हणाला. दोनदा. हा माणूस शब्द वाया घालवत नाही. म्हणजे चौदा हा सापळा आहे. मुद्दाम काहीतरी अवघड पाठवलंय, मी अडकावी म्हणून.

७ तारीख, गुरुवार

सापळाच आहे, आणि मी त्यात पाय घातला.

नीट लिहून ठेवते. ए, बी, ओ हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याशिवाय पुष्कळ गट असतात. त्यातला एक किड. त्याचे दोन प्रकार, किड ए आणि किड बी. कुणात एक असतो, कुणात दोन्ही. पण एक तरी असतोच, असं धरूनच आम्ही चालतो. मशीन म्हणालं, चौदामध्ये ए नाही, बी आहे. माझ्या नळीत ए नाही, आणि बी पण नाही.

आधी सिरमवर संशय घेतला. नवी बाटली फोडली. तेच. मशीनवालीला तीनदा मशीन चालवायला लावलं. कारण सांगितलं नाही. ती वैतागली पण बोलली नाही. तिन्ही वेळा बी.

मग मला युरियाची आठवण झाली. मी नोकरीला लागले तेव्हाच्या बाईंनी शिकवलं होतं. साधं युरियाचं पाणी घ्यायचं, रक्ताचे थेंब टाकायचे. तुमचंआमचं रक्त मिनिटभरात फुटतं आणि नळी आरपार दिसायला लागते, लाल सरबतासारखी. पण ज्याच्यात किडचा एकही प्रकार नसतो त्याच्या पेशी फुटत नाहीत. नळी गढूळच राहते. बाईंनी सांगितलं होतं, "तुला आयुष्यात दिसायची नाही, पण दिसली तर विसरू नकोस."

मी शेजारी माझ्या बोटातलं रक्त लावलं. आमच्याकडे ती रीतच आहे, खात्री करायची असली की आधी आपलं बोट टोचायचं. माझी नळी पन्नास सेकंदांत स्वच्छ झाली. चौदाची दहा मिनिटांनी तशीच गढूळ, वीस मिनिटांनीही तशीच. मागे छापील कागद धरला तर एक अक्षर वाचता येईना.

जीन आहे, म्हणून मशीन हो म्हणतं. पण तो जीन मशीन बघत नाही अशा जागी बिघडलेला असणार, त्यामुळे पेशीवर काहीच उगवलेलं नाही. कच्च्या वहीत लिहिलं, वेळ टाकली, सही केली.

८ तारीख, शुक्रवार

आता जे लिहिते आहे ते या वहीबाहेर जाणार नाही.

निकाल पाठवायच्या आधी आम्ही फोनवर मिळवून घेतो. सगळ्याच. नियमात बसत नाही, पण तीन वर्षं चालू आहे. दोन नंबरची माझी मैत्रीण, तिला सगळे साखर म्हणतात कारण तिच्या तोंडून वाईट बातमीसुद्धा गोड येते, ती चार वाजता फोन करते आणि एकेक नंबर वाचते. जिथे वेगळं येतं तिथे कुणीतरी नमतं घेतं. बहुतेक मीच.

"चौदा," साखर म्हणाली, "ए नाही, बी आहे. एकनं बी दिलंय, तीन, चार दोघींनी बी. तुझं?"

मी कच्च्या वहीतलं ते पान उघडलं.

"तुझ्याकडे चौदाला वेगळं काही नाही ना गं?" तिनं विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता. घाईत असेल.

चार जणी एका बाजूला. माझ्या मागच्या दोन चुका. युरियाचं पाणी मी स्वतः बनवलेलं, वजनकाटा जुना. पलीकडे मशीनवाली डबा उघडून उशिराचं जेवत होती आणि मुलीला फोनवर शुद्धलेखन सांगत होती.

"बी," मी म्हटलं.

"हां. जुळलं," साखर म्हणाली, आणि तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

चार पन्नासला निकाल पाठवला. कच्च्या वहीतलं पान फाडलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. सरावाच्या तर नळ्या आहेत, कुणाचं काय बिघडणार आहे.

९ तारीख, शनिवार

जेवताना यांनी विचारलं, "आज आमटी कशी झालीये हे तीनदा सांगितलं तरी ऐकलं नाहीस. काय झालं?" मी म्हटलं, "अहो, काही नाही." हे म्हणाले, "काही नाही म्हणताना तू चष्मा पुसतेस." उगाच तीस वर्षं संसार केला, माणूस सगळं पाठ करतो.

११ तारीख, सोमवार

मोजपट्टीचा फोन. बाकीच्या एकोणीस नळ्यांबद्दल अक्षर नाही.

"मॅडम, चौदा तुम्ही स्वतः बघितला?"

"हो."

"नळीतसुद्धा? सिरम टाकून?"

"हो सर."

"आणि बी आला. तुमच्या डोळ्यांना दिसला."

याला माहीत आहे. साखर बोलली असेल, किंवा उत्तर आधीपासून याच्याकडेच आहे आणि मी खोटं बोलते का ते बघतोय. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा सोपं जातं असं ऐकलं होतं. नाही जात.

"दिसला," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बाकीच्यांवर माझा एवढा विश्वास नसतो, पण तुम्ही हाताने बघता म्हणून विचारलं. आता झोप लागेल." आणि फोन ठेवला.

झोप कसली? मला टोमणा मारला असणार. याला माझ्या नळ्यांचं कौतुक कधीपासून?

१२ तारीख, मंगळवार

एकत्रित तक्ता आला. वीस आडव्या ओळी, पाच उभे रकाने, सगळीकडे तेच. शंभर टक्के. खाली मोजपट्टीची सही आणि "अभिनंदन". मशीनवालीनं सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाली, "ताई, आता आपल्याला कुणी हलवत नाही." मी कप घेतला आणि हलवून परत ठेवला.

१४ तारीख, गुरुवार

दुपारी एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलमधून मागणीपत्र आलं. किड ए नसलेल्या रक्ताच्या दोन पिशव्या. असं रक्त आमच्याच कपाटात असतं, म्हणून आमच्याकडे. मंगळवारी, एकोणीसला, सिझेरियन आहे. पेशंटचं नाव झाकलेलं. लिहिलं होतं, रक्तात एक अँटिबॉडी आहे, कधी दिसते, कधी लपते, नाव लागत नाही. ए नसलेलं रक्त चालेल. आणि खाली, "आधार: पाच प्रयोगशाळांचा एकमुखी निष्कर्ष, नमुना क्रमांक चौदा."

मी ते तीनदा वाचलं. मग स्टुलावर बसले.

चौदा सराव नाही. चौदा ही बाई आहे. पोटात मूल असलेली. तिच्या पेशींवर किडमधलं काहीच नाही, म्हणून तिचं शरीर ए आणि बी दोन्हींना परकं समजतं. आमच्या पिशवीत ए नसला तरी बी आहे. ते रक्त तिला चढवलं तर तिच्याच अंगात ते फुटत जाईल. लगेच नाही, तीनचार दिवसांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर. मग कावीळ, मग किडन्या. आणि त्यावर एकमुखी म्हणून शिक्का आहे, पाचातलं एक मुख माझं.

पिशव्या उद्या देते असं सांगितलं. हॉस्पिटलचा माणूस म्हणाला, "काही अडचण आहे का?" मी म्हटलं, "एक कागद शोधतेय."

१५ तारीख, शुक्रवार

सकाळी साखरला फोन केला. नमस्कारचमत्कार न करता म्हटलं, "चौदा माझ्याकडे युरियात फुटला नव्हता. मी तुला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "माझ्या सिरमलाही बी लागला नव्हता गं."

"मग तू बी का लिहिलंस?"

"एकनं लिहिलं म्हणून. तीन आणि चारला मीच सांगितलं. तीनकडे सिरम संपलंय महिनाभर, आणि चारनं नळी केलीच नाही." ती रडायला लागली. साखर रडते तेव्हासुद्धा शब्द स्पष्ट येतात. "तू खरं सांगावंस म्हणून मी त्या दिवशी विचारलं होतं."

म्हणजे पाच रकाने, आणि मजकूर एकाचाच. एक नंबरनं दोन वर्षांपूर्वी नळ्यांचं काम बंद केलं. तिथे फक्त मशीन. मशीनचं एकच उत्तर आम्ही पाच जणांनी पाच वेळा लिहून काढलं आणि त्याला एकमत म्हटलं.

मला साखरचा राग आला. मग आठवलं की ती निदान विचारत तरी होती. मी तेवढंही केलं नाही.

मोजपट्टीला फोन लावला. सगळं ठरवलं होतं, आधी काय, मग काय. तोंडातून एकच निघालं. "सर, चौदा चुकलाय. मी बघितलं होतं, आणि लिहिलं नाही. पिशव्या मी देत नाहीये."

मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "तुम्ही कुठे आहात?"

"लॅबमध्ये."

"तिथेच थांबा." आवाज म्हातारा वाटला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

दोन तासांनी आला. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली. मी कच्ची वही पुढे केली. त्यानं पान वाचलं, वेळ वाचली, सही बघितली.

"ती माझी मुलगी आहे," तो म्हणाला.

झाकण, कापूस, ते चौदाचीच चौकशी करणारे फोन, सगळं एकदम समोर आलं. मी अकरा दिवस या माणसाला शिव्या घालत होते.

"सांगितलं का नाहीत?"

"बापाला कुणी खरं सांगत नाही, मॅडम. सांत्वन करतात. म्हटलं नंबर लावून पाठवू, पाच ठिकाणी पाच माणसं निर्मळ डोळ्यांनी बघतील. रक्त मी स्वतः काढलं, तिची शीर सापडत नव्हती." त्यानं वही मिटली. "आणि तुम्ही फोनवर मिळवून घेता."

माझा स्वभाव वाईट. अशा वेळीसुद्धा गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "सर, हे आम्हाला शिकवलं कुणी? तीन वर्षांपूर्वीची मीटिंग. जेवायला उठताना तुम्हीच म्हणालात, निकाल वेगवेगळे आले तर वरून पैसे बंद होतील, तेव्हा पाठवायच्या आधी आपसात बोलून घ्या."

त्याला आठवलं, ते मला दिसलं. तो म्हणाला, "हो. म्हणालो होतो."

मशीनवाली दारात उभी होती. सगळं ऐकलेलं. तो गेल्यावर म्हणाली, "ताई, मला तीनदा मशीन चालवायला लावलंत आणि एकदा कारण सांगितलं नाहीत."

"तुझी नोकरी गेली असती."

"ते मला ठरवू द्यायचं होतं." आणि आत निघून गेली. सव्वीस वर्षांत मला एवढं बरोबर कुणी बोललं नव्हतं.

१६ तारीख, शनिवार

सिझेरियन गुरुवारवर ढकललं. त्यापुढे नाही ढकलता येत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. असं रक्त नोंदवलेला एकही दाता पाचही ठिकाणच्या याद्यांत नाही. मी आणि साखर दुपारभर फोनवर तेच करत होतो. सख्ख्या भावंडांत चारांत एकाचं जुळू शकतं. मुलीला एकच भाऊ आहे, दुसऱ्या शहरात असतो. मुलीचा आणि त्याचा ए-बी-ओ एकच आहे, एवढं एक बरं. सोमवारी येतोय.

घरी यांना सगळं सांगितलं. हे काही बोलले नाहीत, सल्ला नाही की काही नाही. भांडी घासली. त्याचंच मला रडू आलं.

१८ तारीख, सोमवार

मुलगा सकाळी बसमधून उतरून थेट लॅबमध्ये आला, बाप बरोबर. युरियाचं पाणी मशीनवालीनं बनवलं, नव्या काट्यावर. वजन मला दाखवलं. बोलली नाही, पण दाखवलं.

मी तीन नळ्या लावल्या. पहिली माझी, नेहमीप्रमाणे. मोजपट्टी म्हणाला, "माझंही घ्या." मी म्हटलं, "सर, आईबापांचं बहुतेक जुळत नाही." तो म्हणाला, "माहीत आहे. घ्या." बोट पुढे केलं. तिसरी मुलाची.

घड्याळ मशीनवालीच्या हातात. तीस सेकंदांवर माझी फिकट व्हायला लागली, पन्नासला आरपार. बापाची तिच्या मागोमाग. साठच्या आत स्वच्छ. तो आपल्या नळीकडे बघत होता आणि त्याचे ओठ आवळले गेले. तिसरीकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती, ते मला कळत होतं, कारण मीही तिच्याकडे बघत नव्हते.

"दीड मिनिट," मशीनवाली म्हणाली.

मी तिसऱ्या नळीमागे छापील कागद धरला. अक्षर दिसलं नाही. चष्मा पुसला. तरी दिसलं नाही.

"तुम्ही बघा," मी म्हटलं.

"तुम्ही बघितलं ना," तो म्हणाला.

"आधी तुम्ही. मग तू," मी मशीनवालीला म्हटलं. "आणि कुणी कुणाला काही सांगायचं नाही. कागदावर लिहा."

तिघांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पोरगा खुर्चीवर बोटाला कापूस धरून बसला होता, त्याला काही समजेना. चिठ्ठ्या उघडल्या. गढूळ, गढूळ, गढूळ. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, दर वेळी चिठ्ठ्या लिहिल्या. गढूळ.

मोजपट्टीनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, किती काढायचंय?" बाप म्हणाला, "एकच पिशवी काढता येते रे." एकच. दुसरी कुठून आणणार?

२१ तारीख, गुरुवार

पिशवी मी स्वतः घेऊन गेले. मांडीवर डबा ठेवून रिक्षात. रिक्षावाल्यानं विचारलं आत काय आहे, मी म्हटलं, गप्प चालव आणि खड्डे चुकव.

हॉस्पिटलच्या बाकावर मी आणि मोजपट्टी. अकराला आत नेलं. साडेअकराला नर्स बाहेर आली आणि पिशवी मागितली. रक्त जास्त जात होतं. मी डबा उघडून दिली. आता डबा रिकामा, आणि दार बंद. दुसरी पिशवी लागली तर माझ्याकडे काही नव्हतं, जगात कुणाकडे आहे ते मला माहीत नव्हतं. मला त्या रिकाम्या डब्याची इतकी भीती वाटली की मी तो बाकाखाली सरकवला.

सव्वाबाराला डॉक्टरीण आली. मुलगी झाली. आई ठीक आहे. दुसरी लागली नाही.

मोजपट्टी बसूनच राहिला. मग म्हणाला, "वजन विचारायचं राहिलं." आणि खांदे हलायला लागले. मी उठून पाणी आणलं.

२३ तारीख, शनिवार

आई बरी आहे, लघवी स्वच्छ, डोळे पांढरे. भावाचं रक्त जुळलेलंच होतं, तरी अजून काही दिवस लक्ष ठेवणार आहेत.

मोजपट्टी लॅबमध्ये आला. कमिटीला त्यानं पत्र लिहिलंय, माझंही पत्र सोबत जातंय. पाच नंबर राहील की जाईल माहीत नाही. मशीनवालीनं माझं पत्र वाचून दोन ठिकाणी शब्द बदलले, कारण मी स्वतःला फारच शिव्या घातल्या होत्या. म्हणाली, "ताई, हे वाचून ते तुम्हाला माफ करतील. तसं नको." आता परत बोलायला लागली आहे.

त्यानं बारा तारखेचा तक्ता टेबलावर पसरला, तो शंभर टक्क्यांचा. चौदाव्या ओळीत पाचही बी त्यानं लाल पेननं खोडले. वर जागा ठेवली. म्हणाला, साखर आणि बाकी दोघी आपापलं लिहून गेल्या की कमिटीकडे हाच कागद जाईल, नवा करायचा नाही.

एक नंबरच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "बघितलं नाही." खाली सही, तारीख. मग पेन माझ्याकडे दिलं.

मी पाच नंबरच्या रकान्यात लिहिलं, "बघितलं होतं."

मग पेन खाली ठेवलं नाही. त्याच्याखाली अजून जागा होती, आणि तिथे जे लिहायचं होतं ते त्याला ठाऊक होतं, मशीनवालीला ठाऊक होतं. तरी ते माझ्या हातानं लिहायला मला त्या वीस मिनिटांच्या गढूळ नळीपेक्षा जास्त वेळ लागला. दोघंही थांबले. कुणी घाई केली नाही.

"लिहिलं नाही," मी लिहिलं, आणि सही केली.